खोट्याची पारख

आमच्या माहेरी पितळेच्या दोन पाटल्या आहेत, आणि त्यांच्यापायी आम्ही दोघी बहिणी आमच्या भावजयीशी सहा वर्षे धड बोललो नाही. अगदी अबोला होता असे नव्हे. सणावारी जात होतो, पंगतीला बसत होतो, "वहिनी, आमटी छान झाली हं" असे म्हणतही होतो. पण आमटीच्या पलीकडे बोलणे जात नव्हते.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा वडाळ्याचा संसार बराचसा पाठ आहे. डाळीच्या भावापासून पाहुण्यांच्या अंथरुणापर्यंत वर्षभर मी इथे काहीबाही लिहीत असते. पाटल्यांविषयी मात्र कधी लिहिले नाही. दिवाळी अंकात जागा अधिक मिळते म्हणून, आणि वहिनींनी "लिहा खुशाल" म्हटले म्हणून, यंदा लिहिते.

आई २०१८ च्या श्रावणात गेली. शेवटचे तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती. दाखल करताना अंगावरचे सगळे काढून द्यायला सांगितले, तेव्हा वहिनींनीच तिच्या हातातल्या पाटल्या उतरवल्या, रुमालात बांधल्या आणि परळच्या घरी आणून कपाटात ठेवल्या. चार तोळ्यांची जोडी. "दोघी लेकींना एकेक" असे आई वर्षानुवर्षे सांगत आलेली. दिवसकार्य उरकल्यावर ताई ती जोडी घेऊन सोनाराकडे गेली. त्याने कसोटीवर एक रेघ ओढली, तिच्यावर थेंब टाकला, आणि जोडी काचेवरून परत सरकवली. "ताई, हे पितळ आहे. वर नुसते गिलीट."

ताई घरी आली, चहा घेतला, आणि एवढेच विचारले, "हॉस्पिटलात नेताना आईच्या हातातल्या पाटल्या कोणी काढल्या होत्या?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. दादा खिडकीबाहेर पाहू लागला. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. मी काय केले म्हणाल, तर काहीच केले नाही. बशीतले बिस्किट संपवले. पुढे नातेवाइकांत ताईला सगळ्यांनी तोंडाळ म्हटले. मला कोणी काही म्हटले नाही, पण त्या बिस्किटाची आठवण मला अजून चांगली नाही.

आता जरा दुसरीकडून सुरुवात करते.

२०२२ साली मी नोकरीतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी पेटी शिकते, कोणी काशीला जाऊन येते. मी जुने खोटे दागिने ओळखायला शिकले. निवृत्तिवेतनातले महिना तीनशे रुपये त्यासाठी वेगळे काढले आणि ही मर्यादा ओलांडायची नाही असे स्वतःला बजावले. आमचे हे म्हणाले, "खरे परवडत नाही म्हणून लोक खोटे घेतात. खोट्यातही जुने शोधणारी तूच पहिली!" हा नाद पाटल्यांमुळे लागला का, असे तेव्हा कोणी विचारले असते तर मी साफ नाही म्हटले असते.

आरंभ आमच्या विठ्ठल मंदिराच्या जत्रेत झाला. वडाळ्याच्या या देवळाला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढी एकादशीला रांग कुठवर जाते ते विचारू नका. त्या गर्दीत फुटपाथवर एक म्हातारी प्लास्टिकच्या माळांचा ढीग मांडून बसली होती आणि त्या ढिगात एकच निळी माळ होती जिची निळाई निराळी वाटली. चाळीस रुपये. घरी येऊन पाहिले तर मणी एकासारखा एक नाही, भोके कुठे मधोमध तर कुठे तिरकी. गालाला लावली तर गार लागली. प्लास्टिक गालाला कोमट लागते, काच गार लागते. ही पहिली परीक्षा, आणि तिला पैसा पडत नाही.

दुसऱ्या परीक्षेला मात्र पडला. वडाळ्याहून हार्बरची गाडी पकडली की शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड आणि मग सॅण्डहर्स्ट रोड. तिथे उतरून चालत मोहम्मद अली रोड ओलांडला की चोरबाजार जवळच. शुक्रवारी मटन स्ट्रीटच्या आसपास उजाडण्याआधीपासून रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार मांडलेला असतो. तिथे एकाने मला "व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा" म्हणून एक ब्रोच दिला. चारशे रुपये. म्हणजे एका महिन्याचे सगळे आणि पुढच्याचे शंभर. मी तो मोठ्या ऐटीत साडीला लावून चार महिने मिरवले.

मला जमिनीवर आणले ते एका पारशी बाईंनी. पाच बागांच्या बाजूला पारशी कॉलनीत त्या राहतात. वय नव्वदीला टेकलेले. सकाळी फिरताना बाकावर ओळख झाली होती. त्यांनी ब्रोच हातात घेतला, पुढून पाहिलाही नाही, उलटा केला आणि म्हणाल्या, "डीकरी, सामेथी नहीं, पाछळथी जो." समोरून नको, मागून पाहा. मागून पाहिले तर एकही खडा कोंदणात बसवलेला नाही. सगळे चिकटवलेले, आणि कडेने वाळलेल्या डिंकाचे फुगवटे. जुन्या चांगल्या कामात धातूचे बारीक नखे वाकवून खडा धरलेला असतो. शिवाय ते खडे होते अमेरिकन डायमंड. हा खडा १९७६ च्या सुमारास बाजारात आला. नाव अमेरिकेचे, पण तो मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची कृती बसवली मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी. व्हिक्टोरिया राणी वारली १९०१ साली. तेव्हा राणीसाहेबांना हा ब्रोच लाभण्याचा योग नव्हता.

त्या बाईंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यांच्या आईच्या वेळेपासूनचा. पुढचा सगळा पावसाळा मी त्या डब्यावर शिकले. त्या एकेक वस्तू माझ्या तळहातावर ठेवीत आणि मी काय ते बोलेपर्यंत गप्प बसत. माझ्या कोणत्याही मास्तरांनी इतका धीर धरल्याचे मला आठवत नाही.

त्या डब्यातल्या एका लाल मण्यांच्या माळेच्या फाशाला बारीक पट्टी होती आणि तिच्यावर चेकोस्लोव्हाकिया असा ठसा. हा देश १९१८ साली जन्मला आणि १९९२ अखेर त्याची दोन शकले झाली. म्हणजे माळ त्या मधल्या काळातली. एवढा एक ठसा सापडला की निम्मे काम झाले. पश्चिम जर्मनी असा ठसा असेल तर १९४९ ते १९९०. 'ताब्यातला जपान' असा असेल तर महायुद्धानंतरची थोडी वर्षे. १९५२ साली तो ताबा संपला. शाळेत इतिहासाच्या सनावळ्या मी शिव्या देत पाठ केल्या होत्या. त्या अशा फुटपाथवर उपयोगी पडतील असे वाटले नव्हते.

या चेक मालाचे आपल्याशी नाते फार जुने आहे, म्हणून थोडे अधिक सांगते. बोहेमियाच्या डोंगराळ भागात याब्लोनेत्स नावाचे गाव आहे. जर्मन लोक त्याला गाब्लोंझ म्हणत. या गावाने काचेचे मणी, खडे आणि बांगड्या घडवून जगभर पाठवल्या आणि त्यांतल्या बांगड्यांचे मोठे गिऱ्हाईक होता हिंदुस्थान. आपल्या पणज्यांच्या हातातला चुडा तिथल्या भट्टीतून आलेला असण्याचा संभव पुष्कळ. त्याच मुलखात जन्मलेल्या डॅनियल स्वारोव्स्कीने १८९२ साली काचेचे खडे विजेच्या यंत्रावर कापण्याचे पेटंट घेतले आणि १८९५ साली तो ऑस्ट्रियातल्या वाटेन्स या गावी गेला. १९४५ नंतर याब्लोनेत्सच्या जर्मन रहिवाशांना देशाबाहेर घालवले गेले. त्यांतल्या पुष्कळांनी बव्हेरियात नवे गाब्लोंझ वसवले आणि पुन्हा मणी करायला बसले. फाळणीत सगळे सोडून आलेली आणि पुन्हा आपल्याच धंद्याला लागलेली माणसे आपण मुंबईत पाहिली आहेत, त्यामुळे मला ही हकिकत परकी वाटली नाही.

काचेच्या खड्याला मागून चांदीचा किंवा सोनेरी वर्ख देतात. त्याने खडा चमकतो. आत ओल शिरली की वर्ख काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. म्हणून बायांनो, जुना खड्यांचा दागिना कधीही साबणाच्या पाण्यात बुडवू नका. चिंच तर लांबच राहू द्या. कोरडे मलमल पुरे.

बांगड्यांत दोन जाती ओळखायला शिकले. सेल्युलॉइडची बांगडी अंगठ्याने जोराने घासली की कापराचा वास येतो, कारण तिच्यात कापूर असतोच. बेकेलाइटची गरम पाण्याखाली क्षणभर धरली की औषधी, कार्बोलिकसारखा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहा असे सांगणारे भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटते. मोत्यांची परीक्षा दातावर. मोती दातावर हलकेच घासला की खरखरतो, नकली गुळगुळीत सरकतो. माशांच्या खवल्यांच्या चमकदार लेपाने काचेचे मोती करण्याची युक्ती पॅरिसमध्ये सतराव्या शतकात निघाली, आणि त्या जातीच्या जुन्या मोत्याचा लेप भोकाच्या कडेला हमखास सुटलेला सापडतो. मात्र दातावर खरखरला म्हणजे बसऱ्याचाच मोती असे समजून नाचू नये. मिकीमोटोने जपानात १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम पिकवलेला मोतीही तसाच खरखरतो.

राहता राहिले गिलीट. पूर्वी पाऱ्यात सोने कालवून ते धातूवर चोळत आणि आगीवर पारा उडवून लावत. कारागिराच्या फुप्फुसांचे काय होई ते देव जाणे. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी विजेने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले आणि काम सोपे झाले, स्वस्तही झाले. विजेने चढवलेला हा थर इतका पातळ असतो की रोजच्या वापरात तो झिजणारच. तो कुठे झिजतो इकडे लक्ष द्यावे. जिथे कातडी लागते, जिथे दुसरा दागिना घासतो, तिथे आधी पितळ उघडे पडते. आणि खालचे पितळ झिजायला फार वर्षे लागतात. हे दोन वेग निराळे आहेत, हे त्या बाईंनी मला एका जुन्या घड्याळाच्या साखळीवर दाखवले. मी मान डोलावली आणि विसरले.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या गौरी-गणपतीत दादाकडे परळला गेले होते. त्या पाटल्या वहिनींनी टाकून दिल्या नव्हत्या. दरवर्षी त्या गौरीला घालीत. देवीला कसोटी लागत नाही. तिसऱ्या दिवशी गौर उतरवताना मी तिचे दागिने काढत होते. पाटली हातात आली आणि केवळ सवयीने मी ती उलटी केली.

आतून पितळ पांढुरके, हिरवट, सोन्याचा मागमूस नाही. ते असायचेच. पण बाहेरच्या बाजूला, मनगटाकडच्या काठावर, जिथे काचेच्या बांगड्या घासतात, तिथली नक्षी सपाट झाली होती. ठिपक्यांची ओळ एका बाजूला टपोरी आणि दुसऱ्या बाजूला नुसता गुळगुळीत पट्टा. आणि त्या सपाट पट्ट्यावर गिलीट होते. माझ्या पर्समध्ये सोनाराचे भिंग असतेच. खिडकीशी नेऊन पाहिले. नक्षी आधी झिजली आणि सोने मागाहून चढले, यात शंका नव्हती. म्हणजे या पितळी पाटल्या कोणीतरी पुष्कळ वर्षे हातात वागवल्या होत्या, आणि उडालेला मुलामा पुन्हा चढवून घेतला होता. तीन आठवड्यांत बदललेली जोडी अशी दिसत नाही. तीन वर्षांतही नाही.

माझे गुडघे थरथरत होते, तरी मी स्वयंपाकघरात गेले. पर्समध्ये छोटा विजेचा काटा होता, दोनतीनशे रुपयांत मिळतो तो. जोडी कोरडी तोलली: २२.८ ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि पाटल्या दोऱ्याने पाण्यात अधांतरी धरल्या, तळाला न टेकवता. काट्याने दाखवले २.७. पहिल्याला दुसऱ्याने भागले की साधारण साडेआठ येते, आणि ते पितळेचे गुणोत्तर. बावीस कॅरट सोन्याचे पावणेअठराच्या आसपास येते. (लाख भरलेल्या पोकळ दागिन्याला हा हिशेब लागू नाही, फसाल.) तेवढ्याच आकाराचे सोने असते तर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅम भरले असते, म्हणजे जुन्या हिशेबाने चार तोळे. नक्कल करणाऱ्याने अस्सल जोडी समोर ठेवून ती बेतली होती. वजन निम्मे, आकार जसाच्या तसा. आई पाटल्या कोणाच्या हातात का देत नसे ते मला कॅलेंडरच्या मागे भागाकार करताना कळले.

मग एकेक आठवू लागले. धुणे धुताना ती पाटल्या काढून कापसात ठेवी. सोन्याच्या पाटल्या कोण बायको साबणासाठी काढते? चिंचेने भांडी घासताना काढी. आम्ही तिला "फार जपतेस गं" म्हणून हसत असू. आणि दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीआधी ती "वाती आणायला" म्हणून भुलेश्वरला जाई. आमच्या चाळीखालीच वाती मिळत.

वहिनी दुधाच्या पातेल्याशी उभ्या होत्या. मी म्हटले, "वहिनी, या आईनेच करून घेतलेल्या. फार जुन्या आहेत."

त्यांनी गॅस बारीक केला. "हो."

"तुम्हांला ठाऊक होते?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून. ९४ साली. भुलेश्वरला त्यांच्याबरोबर मीच जात होते, वन्सं. एकटीला गर्दी सोसेना त्यांना."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"लेकींना कळता कामा नये म्हणाल्या होत्या. अस्सल परत करून घेईन, मग देईन म्हणायच्या." दूध वर आले, त्यांनी ते उतरवले. "आणि मी सांगितले असते तर तुम्ही मानले असते?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

अस्सल जोडी कधी गेली आणि कशासाठी, हे वहिनींनाही ठाऊक नाही; त्यांच्या येण्याआधीची गोष्ट. आईचे लग्न १९६१ चे. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. ती अट १९६६ साली गेली, पण नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत राहिला, आणि सोन्याचा भाव तर कोणाच्याच नियंत्रणात राहिला नाही. मोडलेले चार तोळे पुन्हा जमवणे एका कारकुनाच्या घरात सोपे नव्हते. घरात कोणत्या वर्षी मोठी रक्कम अचानक उभी राहिली होती, याचा मला एक अंदाज आहे. तो मी ताईला सांगितलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही.

ताईला त्याच रात्री फोन केला. सगळे सांगितले, भागाकारासकट. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू त्या काट्याचे मला काय सांगतेस? मी आईला धुणे धुताना रोज पाहत होते." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती परळला गेली. तिथे काय बोलणे झाले ते दोघींनी मला सांगितले नाही. दादा म्हणतो, ताई तासभर वहिनींबरोबर लसूण सोलत बसली होती.

यंदा नवरात्राआधी ताई आणि वहिनी त्या पाटल्या घेऊन भुलेश्वरला गेल्या. गिलीट पुन्हा पार उडाले होते. मी येते म्हटले तर ताई म्हणाली, "तू नको. तू भिंग काढून त्या माणसाला शिकवत बसशील." साडेसहाशे रुपये लागले. माझ्या दोन महिन्यांच्या बजेटाहून अधिक, ताईने दिले. येताना दोघींनी माझ्यासाठी वातींचे एक पुडके आणले.